गोळीने रक्त पातळ होत नाही

हळदीचा पाला कापायचे दिवस. वसमत किंवा कळमनुरी तालुक्यातलं एखादं शेत धरा. एकाच सरीत दोघं काम करताहेत आणि दोघांच्याही बोटाला विळा लागतो. जखम सारखीच, अर्ध्या इंचाची. पहिला बोट दाबून धरतो, पाच-सात मिनिटांत रक्त थांबतं आणि तो पुन्हा कामाला लागतो. दुसरा चिंधी बांधतो, ती भिजते. दुसरी बांधतो, तीही भिजते. या दुसऱ्याच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे आणि तो रोज संध्याकाळी एक छोटी गोळी घेतो. घरात सगळे तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात.

आता दोघांचं थोडं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरा. दुसऱ्याचं रक्त पाण्यासारखं दिसेल का? नाही. रंग तोच, दाटपणा तोच. फरक कळायला नळी न हलवता ठेवावी लागते आणि वाट पाहावी लागते. फुरसं किंवा घोणस चावलेल्या माणसाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलेल्यांनी अशी नळी पाहिली असेल. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेतात, वीस मिनिटं हात लावत नाहीत, मग नळी तिरकी करतात. रक्त दह्यासारखं लागलं असेल तर ठीक. वाहून आलं तर विषाने रक्त गोठण्याची ताकद संपवली, असं डॉक्टर समजतात.

दुधात पाणी घालणं वेगळं आणि दही उशिरा लागणं वेगळं. झडपेवाल्याची गोळी रक्तात पाणी घालत नाही. ती दही लागायला उशीर करते. ‘पातळ’ हा शब्द तोंडात बसला आहे, डॉक्टरही घाईत तोच वापरतात, पण मला तो धोकादायक वाटतो. रक्त पातळ झाल्यामुळेच अशक्तपणा आला असं समजून लोक गोळी अर्धी करतात, उन्हाळ्यात बंद ठेवतात, नाहीतर ताकदीची म्हणून भलतीच पावडर सुरू करतात. गोळी काय करते हे नीट कळलं, तर तिच्यामुळे होणारा रक्तस्राव कुठून येतो आणि कसा टाळायचा, हेही कळतं.

बांध फुटतो तेव्हा

पावसात बांध फुटला की आपण काय करतो? आधी हाताला लागतील ते दगड, मातीची पोती फटीत टाकतो. पाणी जरा थोपतं. मग तुराट्या किंवा पऱ्हाट्या आणून त्यांचा कूड घालतो, म्हणजे दगड जागचे हलत नाहीत.

रक्तवाहिनी कापली की शरीर हेच करतं. दगडांचं काम करतात प्लेटलेट, डेंग्यूमुळे आता घराघरात माहीत झालेल्या त्या चिमुकल्या पेशी. फाटलेल्या जागी त्या चिकटतात, एकमेकींचे हात धरतात आणि काही मिनिटांत तात्पुरता बुच तयार होतो. पण त्यावर रक्ताचा दाब सतत असतो, म्हणून वरून फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. हा झाला कूड. तो विणण्यासाठी डझनभर प्रथिनं लागतात आणि त्यातली बहुतेक यकृतात तयार होतात. एरवी ती रक्तात झोपलेली असतात. जखम झाली की एक जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, अशी हाक शेवटच्या धाग्यापर्यंत पोचते.

काही गोळ्या दगडांना अडवतात, काही कूड विणू देत नाहीत. दोन्ही प्रकारांना लोक ‘पातळ करायची गोळी’ म्हणतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

नको तिथे घातलेला बांध

हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचलेला असतो. एखाद्या दिवशी तो तडकतो. प्लेटलेटना ती जखम वाटते आणि त्या धावून जातात. तीन-चार मिलिमीटरच्या नळीत त्यांनी बुच मारला की पुढच्या स्नायूचं रक्त बंद होतं. हाच हार्ट अटॅक. धमनीत नवीन बसवलेली स्टेंटची जाळीही प्लेटलेटना परकी वाटते. इथे रक्त जोरात वाहतं, म्हणून गुठळीत दगडांचा भाग मोठा आणि म्हणून औषधही दगडांवरचं: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल.

दुसरा प्रकार साचलेल्या रक्ताचा. वाहत्या कयाधूत शेवाळ धरत नाही, डोहात धरतं. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचतं, तिथे गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजाराने लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. धातूच्या झडपेच्या बिजागरीपाशीही असेच डोह तयार होतात. आपल्याकडे झडपा बदलाव्या लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप. दाटीवाटीच्या घरात मुलाचा घसा जंतूने सुजतो, त्यावर नीट औषध होत नाही, ताप सांध्यांतून उतरतो आणि पुढे काही वर्षांनी झडप आखडल्याचं कळतं. या गुठळ्यांत जाळं जास्त असतं, म्हणून कूड विणू न देणारी औषधं लागतात: वॉरफेरिन, ॲसिनोकुमारॉल (बहुतेकांना ते ॲसिट्रॉम या नावाने माहीत असतं) आणि अलीकडच्या डॅबिगाट्रान, रिव्हारोक्सॅबान, अपिक्साबान या गोळ्या.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. नव्या गोळ्यांना सारखी रक्ततपासणी लागत नाही, म्हणून झडपेवाल्यांनाही त्यांचा मोह होतो. पण धातूच्या झडपेवर त्या चालत नाहीत. डॅबिगाट्रानचा तसा प्रयोग 2012 मध्ये अर्ध्यातच थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

ॲस्पिरिनची छोटी गोळी पोटात काय करते

प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. 75 मिलिग्रॅमच्या गोळीने तिच्यातलं एक यंत्र कायमचं बंद पाडलं की ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच अर्धवट कामाची राहते. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार होतात. म्हणून आज गोळी बंद केली तरी रक्त पूर्ववत गोठायला आठवडा लागतो. दात काढायच्या आदल्या रात्री गोळी चुकवून काही साधत नाही, उलट स्टेंटला धोका होतो. दात काढताना बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दाब देऊन, टाका घालून काम होतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पण जे यंत्र प्लेटलेट चालवतं, तेच जठराच्या आतल्या चिकट अस्तराचीही काळजी घेतं. हे अस्तर नसेल तर जठरातलं आम्ल स्वतःच्याच भिंतीला खाईल. ॲस्पिरिनने अस्तर विरळ होतं आणि त्याच वेळी तिथे झालेली चीर बुजवणारे दगडही सुस्तावतात. एका गोळीने दोन्हीकडून मार बसतो. म्हणून वय जास्त असलेल्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना आणि दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांना डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती ‘गॅसची गोळी’ म्हणून पहिल्यांदा वगळली जाते. ती वगळू नका. तिचं काम गॅसपेक्षा फार मोठं आहे.

हृदयाचा आजार नसताना, शेजारी घेतो म्हणून सुरू केलेल्या ॲस्पिरिनबद्दलही सांगतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या 19 हजारांहून जास्त धडधाकट वृद्धांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार त्यातून फारसा टळला नाही. मोठा रक्तस्राव मात्र वर्षाला हजारात सहा जणांना व्हायचा, तो जवळपास नऊ जणांना झाला. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे त्यांचा हिशोब वेगळा. त्यांना गोळीचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्याहून मोठा आहे.

हार्ट अटॅकच्या उपचारात टिरोफिबान नावाचं एक इंजेक्शन कधी कधी वापरतात. प्लेटलेट एकमेकींचा हात धरतात तो पंजाच ते अडवतं. त्याची कल्पना मिळाली फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून. ज्या सापाला आपण बांधावर घाबरतो, त्याच्या विषाचा धडा घेऊन धमनी उघडी ठेवली जाते.

कुजलेला चारा आणि एक मेलेली कालवड

वॉरफेरिनचा उगम तर थेट गोठ्यातला आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. पशुवैद्यांनी शोधून काढलं की स्वीट क्लोव्हर नावाचा चारा भिजून बुरसला की हे होतं. भिजलेला कडबा टाकून देणं आपल्या शेतकऱ्याला जसं परवडत नाही, तसंच मंदीतल्या त्या शेतकऱ्यांनाही परवडत नव्हतं. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, तो बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेला त्यातला दोषी पदार्थ वेगळा काढायला सहा वर्षं लागली. त्याचंच एक भावंड म्हणजे वॉरफेरिन. 1948 मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर ते दिलं गेलं.

ते काम कसं करतं? कूड विणणारी काही प्रथिनं यकृतातून बाहेर पडण्याआधी त्यांना एक कडी बसवावी लागते. त्या कडीशिवाय त्यांना जखमेच्या जागी अडकता येत नाही. ही कडी बसवताना यकृताला व्हिटॅमिन के लागतं, आणि एकदा वापरलेलं के पुन्हा वापरण्याजोगं करून घ्यावं लागतं. वॉरफेरिन तो पुनर्वापर रोखतं. प्रथिनं तयार होतात, पण बिनकडीची.

आयएनआरचा आकडा

आधीची कडीवाली प्रथिनं रक्तात असतातच. ती संपायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा परिणाम परवा दिसतो. काल चुकली म्हणून आज दोन घेतल्या, तर त्याचा फटका तपासणीत लगेच दिसत नाही, नंतर बसतो.

गोठायला किती उशीर होतोय हे मोजण्यासाठी आयएनआर. औषध न घेणाऱ्याचा आकडा 1 च्या आसपास असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो साधारण 2 ते 3 ठेवतात. डाव्या बाजूच्या मायट्रल जागी धातूची झडप असेल तर बहुधा 2.5 ते 3.5. तुमचा आकडा किती हवा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पाठ करा. 2 च्या खाली गुठळीची भीती, 4-5 च्या वर मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. मधली वाट अरुंद आहे, म्हणून पेशंट बरा दिसत असला तरी तपासणीला जावंच लागतं. निळ्या टोपणाच्या नळीत रेघेपर्यंत रक्त भरलं नाही तर आकडा खोटा येतो. नळी अर्धीच भरलेली दिसली तर तिथेच विचारा, संकोच करू नका.

आता जेवण. हिवाळ्यात मराठवाड्यात करडईची भाजी, मेथी, शेपू, पालक, चाकवत यांची चंगळ असते. या सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर. चैत्र-वैशाखात भाज्या आटतात. गोळी तीच, पण ताट बदललं की आकडा हलतो. यावर उपाय म्हणून पालेभाजी पूर्ण बंद करणं हा चुकीचा सल्ला आहे, आणि तो अजूनही दिला जातो. के अगदीच कमी खाणाऱ्याचा आकडा एका जुलाबानेसुद्धा कोलमडतो. भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण सारखी खा. श्रावणात औंढ्याला जाणाऱ्यांचे सोमवार, नवरात्राचे नऊ दिवसांचे कडक उपास, लग्नसराईतली खाण्याची आबाळ, या काळात जेवण घटतं आणि आकडा चढतो. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि तपासणी मधेच करून घ्या.

जंतुनाशक गोळ्यांचंही तसंच. जुलाबावर दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल यांनी आकडा भराभर वाढतो. टीबीचं रिफाम्पिसिन उलट तो पाडतं. औषध सुरू करताना जशी तपासणी, तशीच ते संपल्यावरही.

हळदीच्या जिल्ह्यात हळदीबद्दल

हिंगोली म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साहजिकच इथे प्रश्न येतो: हळदीने रक्त पातळ होतं म्हणतात, मग आम्ही खायची की नाही?

हळदीतलं कुरक्युमिन प्लेटलेटना थोडं सुस्त करतं आणि औषधांचा निचरा बदलू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने एका रुग्णाची माहिती देऊन इशारा दिला. वॉरफेरिनवर त्याचा आकडा स्थिर होता. हळदीपासून केलेलं एक उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत तो 10 च्या वर गेला. पण कालवणातली चिमूटभर हळद वेगळी आणि सत्त्व काढून भरलेल्या कॅप्सूल वेगळ्या. चिमटीतून कुरक्युमिन अगदी थोडं जातं आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. कॅप्सूलमध्ये ते एकवटलेलं असतं आणि ते जास्त भिनावं म्हणून सोबत मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. भाजीतली हळद खुशाल खा. सांधेदुखीसाठी म्हणून हळदीची कॅप्सूल, लसणाचा अर्क, जिनसेंग किंवा कुणी दिलेली बिननावाची पुडी मात्र गोळीबरोबर घेऊ नका.

दोन पिशव्या

या विषयातला सगळ्यात मोठा धोका मला गुडघ्यात दिसतो. माझ्या आत्याला स्टेंट बसल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू होतं. त्या गोळ्या देवघराशेजारच्या फडताळात, एका कॅरीबॅगमध्ये. गुडघ्याच्या गोळ्या उशाशी, दुसऱ्या कॅरीबॅगमध्ये. पहिल्या डॉक्टरांनी दुसरी पिशवी पाहिली नाही, दुसऱ्यांनी पहिली पाहिली नाही, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. तीन आठवड्यांनी तिला जिना चढताना दम लागू लागला. शौचाला काळी होत होती, पण लोहाच्या गोळ्यांनी तसं होतं हे ती ऐकून होती. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची काळी शौच म्हणजे जठरात झिरपलेलं रक्त. हे तिला ठाऊक नव्हतं आणि तेव्हा मलाही नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्यावर ती वाचली.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी जठराचं अस्तर आणखी पातळ होतं, प्लेटलेट आणखी सुस्तावतात आणि वयस्करांच्या किडनीवरही ताण येतो. नव्या गोळ्यांपैकी डॅबिगाट्रान बहुतांशी किडनीतूनच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते अंगात साचतं. मेडिकलवर जाऊन ‘कंबरेची गोळी द्या’ म्हणण्याआधी सांगा की हार्टची गोळी चालू आहे. दुखण्यावर पॅरासिटामॉल बऱ्यापैकी सुरक्षित, पण वॉरफेरिनवर असताना तेही रोज भरपूर घेतलं तर आकडा वाढतो. आणि सुई. ‘गोळीने गुण येत नाही, सुई मारा’ हा आग्रह इथे सोडा. कूड विणू न देणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाच्या कुल्ल्यावर इंजेक्शन दिलं, तर स्नायूत आतल्या आत रक्त साचून मांडी काळीनिळी पडते.

रक्तस्रावाचा धोका मोजायला डॉक्टर काही गोष्टी पाहतात: वाढलेलं बीपी, किडनी-यकृताची अवस्था, पूर्वीचा लकवा किंवा रक्तस्राव, सारखा वरखाली होणारा आयएनआर, 65 पेक्षा जास्त वय, वेदनाशामकं आणि दारू. वय कुणाच्या हातात नाही. बीपी, दारू, वेदनाशामकं आणि तपासणीची नियमितता आपल्या हातात आहे. धोका जास्त निघाला म्हणजे गोळी बंद करायची असं नाही, आधी या गोष्टी सुधारायच्या.

चौकट: गोळी घेणाऱ्याच्या घरातल्यांसाठी

• डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लाल लघवी: त्याच दिवशी दवाखाना.
• डोक्याला मार लागला, मोटारसायकलवरून पडले, न्हाणीत घसरले: जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. मेंदूवर रक्त हळूहळू साचतं. डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात घोटाळा काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो.
• नाकातून रक्त: बसवून थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग 10-15 मिनिटं सलग दाबून धरा. मधे मधे सोडून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना.
• कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. हळद-चुना भरू नका.
• औषधांची नावं, आयएनआरचा शेवटचा आकडा आणि तारीख लिहिलेला कागद खिशात ठेवा.
• सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना तीच पिशवी न्या.

रक्त थांबवता येतं

वॉरफेरिनचा अंमल उतरवायला व्हिटॅमिन के देतात, मात्र त्याला काही तास लागतात, कारण यकृताला पुन्हा कड्या बसवाव्या लागतात. तितका वेळ नसेल तर तयार प्रथिनं असलेला प्लाझ्मा चढवतात. डॅबिगाट्रानवर वेगळा उतारा आहे. म्हणून दवाखान्यात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच असावं: कोणती गोळी, किती, शेवटची कधी घेतली.

रक्त पाहून घाबरलेला माणूस घरी परतला की गोळी कायमची सोडतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, गुठळी दिसत नाही. गोळी किती दिवस थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे झडप किंवा स्टेंट कोणत्या जागी आणि किती जुना आहे यावर ठरतं. ते ठरवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज येतो. रात्री गावात सामसूम झाली की शेजारी झोपलेल्या बायकोलाही तो ऐकू येतो, आणि काही महिन्यांत तिला त्याची सवय होऊन जाते. एखाद्या रात्री तो आवाज दबका वाटला, नवऱ्याला दम लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता गाडी काढायची.